एक दिवस आधीची तारीख

धाकटीच्या मुलाला सत्ताविसाव्या दिवशी पैसे मिळाले, हे थोरलीला जिन्यात कळलं, आणि तेही खुद्द धाकटीच्या तोंडून.

"ताई, ऐकलंत का? शोरूमवाल्याचा चेक वठलासुद्धा!" धाकटी चार पायऱ्या वर उभी होती, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. "तीस दिवसांची मुदत होती. मेल्याने तीन दिवस आधीच दिले."

"अरे वा!" थोरली म्हणाली. हे 'अरे वा' तोंडातून इतक्या चटकन बाहेर पडलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"आपल्या गुण्याचेही आले असतील ना?"

"येतील की. जातात कुठे?"

"येतील हो. न यायला काय झालंय," असं म्हणून धाकटी वर गेली. जाताना तिने एक उसासा टाकला. तो पिशव्यांच्या ओझ्याचा होता की थोरलीची कीव आल्याचा, यावर थोरलीने पुढचा अर्धा तास घालवला. घरात येऊन तिने दार लावलं आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

दोघी सख्ख्या जावा. खालच्या मजल्यावर थोरली, वरच्या मजल्यावर धाकटी. दोघींचे नवरे गवंडी. थोरलीचा आजारपणात गेला, धाकटीचा परगावच्या कामावर असतो आणि वर्षातून दोनदा घरी येतो. दोघींना एकेक मुलगा, वयात सहा महिन्यांचं अंतर. थोरलीच्या मुलाला सगळे गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे गवंड्याची काटकोनी पट्टी. सात वर्षांचा असताना बापाची ती पट्टी घेऊन पोरगं घरभर हिंडायचं आणि आल्यागेल्याला सांगायचं, की आमच्या घराचा एकही कोपरा सरळ नाही. आता तो फरशीची कामं घेतो. त्याने घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नाही. धाकटीच्या मुलाला म्हणतात कागद्या. तो प्लंबिंगची आणि वायरिंगची कंत्राटं घेतो. त्याने बसवलेला नळ कधीमधी गळतो. पण तो कुणी, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून बसवला, याचा कागद त्याच्याकडे असतोच असतो.

आणि ही कागदाची विद्या मूळची थोरलीची. हेच तिला सलायचं.

एकतीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये होती. तळघरातली लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत रॅक आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. वरून निरोप यायचा, अमक्या रुग्णाचे बारा वर्षांपूर्वीचे कागद हवेत, आणि चहा निवायच्या आत ते कागद थोरलीने वर पाठवलेले असायचे. धाकटी तेव्हा बाटल्यांच्या कारखान्यात पाळीपाळीने कामाला जायची. म्हणून शाळा सुटली की दोन्ही पोरं थोरलीकडे, तळघरात. गुण्या तिथे दहा मिनिटंही टिकायचा नाही. इस्पितळाच्या नव्या इमारतीत फरशीवाले काम करत होते, तो त्यांच्याकडे पळायचा आणि संध्याकाळी सिमेंटने पांढरा होऊन परतायचा. कागद्या मात्र स्टुलावर मांडी ठोकून बसायचा. फाइलीची नाडी कशी बांधायची, तारखेप्रमाणे कागद कसे लावायचे, आलेल्या कागदावर आधी तारीख, मग सही आणि मगच बाकीचं बोलणं, हे सगळं त्याने टिपून घेतलं. थोरलीने तेव्हा कौतुकाने शिकवलं. आपण कुणाचं पोर घडवतोय, हा विचार तेव्हा मनात आला नाही. आला तो फार उशिरा, आणि मग जाईना.

मागच्या वर्षी खासगी बांधकामाच्या पैशांचा नवा कायदा आला. तोपर्यंत कसं होतं, तर काम संपलं की मालक म्हणायचा "बघू", आणि बघायचा नाही. गुण्याच्या बापाने एकदा एका समारंभाच्या हॉलची फरशी घातली होती. त्या हॉलमध्ये लग्नं लागलेल्यांची मुलं शाळेत जायला लागली, तेव्हा शेवटचा हप्ता हातात पडला. नव्या कायद्याने हे सगळं दिवसांत बांधलं. कंत्राटदाराने लेखी बिल द्यायचं. मालकाला काही चूक वाटली तर त्याने चौदा दिवसांत, कारण देऊन, लेखी कळवायचं. कळवलं नाही तर बिल मान्य. आणि मान्य झालेले पैसे बिल पोचल्यापासून तीस दिवसांच्या आत. नाही दिले तर वर व्याज, आणि नोटीस देऊन काम थांबवायची मुभा.

कागद्याने तो कायदा एका बैठकीत वाचला आणि दुसऱ्या दिवशी बिलाचे छापील नमुने करून आणले. गुण्याला त्याने एक गठ्ठा दिला होता. गुण्याने तो टाइल्सच्या खोक्यांमध्ये घातला, कोपरे उडू नयेत म्हणून.

"माझं बिल भिंतीवर असतं," गुण्या म्हणायचा.

ते खरंही होतं. फरशीवाल्यांची ती जुनी रीत. एक मजला संपला की कंत्राटदार आणि मालकाचा सुपरवायझर मिळून टेप धरायचे, आणि आलेलं माप तिथेच, जिन्यातल्या भिंतीच्या पुट्टीवर, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहायचे. खाली सुपरवायझरची सही. पैसे चुकते होईपर्यंत रंगारी त्या भिंतीला ब्रश लावायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आजवर कुणी मोडलाही नव्हता.

फर्निचरच्या शोरूमची ही नवी इमारत मात्र पहिल्यांदाच बांधकाम करणाऱ्या मालकाची. तळमजला आणि वर तीन मजले. गुण्याची फरशी, कागद्याचे नळ आणि वायरी. काम झालं. सुपरवायझरने चारही मजल्यांची मापं भिंतीवर सही करून दिली, आणि दुसरी नोकरी मिळाली म्हणून तो निघून गेला. गुण्या पैसे मागायला गेला तेव्हा शोरूमवाला म्हणाला, "बिल कुठे आहे?"

"जिन्यात."

"मग ती भिंत मी बँकेत घेऊन जाऊ का?" शोरूमवाला हसला, त्याच्या ऑफिसातली माणसंही हसली. गुण्याने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा तोही हसत होता. थोरली हसली नाही.

गुण्याच्या हाताखाली चार माणसं होती: दोन मिस्त्री, एक टाइल कापणारा कटरवाला, आणि सांधे भरून फरशी पुसून लख्ख करणारी एक बाई. दीड महिना त्यांना निम्म्याच मजुरीवर काढावा लागला होता. कागद्याचा चेक वठल्याचं त्यांच्याही कानावर गेलंच. संध्याकाळी कटरवाला दारात येऊन उभा राहिला.

"आई, तुमच्या घरचं अन्न खाल्लंय, म्हणून तोंडावर सांगतो. अजून एक महिना थांबतो आम्ही. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत. मग वरच्या भाऊंकडे जातो. ते दर शनिवारी मजुरी देतात."

"वरचे भाऊ?" थोरलीला आधी कळेचना. मग तिने छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी वाटी घेऊन साखर मागायला आली. धाकटीच्या घरी साखर संपत नसे, हे थोरलीला ठाऊक होतं.

"ताई, हा म्हणत होता," धाकटी ओट्याला टेकून म्हणाली, "की गुण्याने त्याच्याकडेच यावं. फरशीचं सगळं त्याने बघायचं. महिन्याच्या महिन्याला पगार. डोक्याला ताप नाही. आणि परक्याकडे थोडंच जायचंय? घरातल्या घरातच."

"नोकर म्हणून," थोरली म्हणाली.

"अगं बाई! नोकर कशाला? सुपरवायझर!"

"हातात पगार देणारा तुझा मुलगा, आणि घेणारा माझा. त्याला तू काय म्हणतेस ते म्हण." थोरलीने वाटी काठोकाठ भरली. भरताना थोडी साखर ओट्यावर सांडली, ती तिने बोटाने गोळा केली. "गुण्याला विचारते. पण त्याची स्वतःची कामं आहेत म्हटलं."

धाकटी गेली, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. बापामागे या पोराने चार माणसं जमवली, स्वतःच्या नावावर कामं घेतली. घोटभर पाण्यासाठीही कामावरून उठायचा नाही. कटरच्या धुळीने रात्रंदिवस खोकायचा, आणि तिने तोंडाला बांधायला दिलेलं फडकं खिशातच ठेवायचा. आणि आता त्याने कागद्याच्या कामावर कागद्याच्या माणसांना 'भाऊ सांगतात तसं करा' म्हणायचं? तिने डबा भरून घेतला. जुनी वही, दोन पेनं. आणि थेट शोरूमच्या इमारतीकडे निघाली.

जिन्यात रंगारी शिडीवर होता. वरच्या मजल्यांच्या खोल्या संपवून तो आता जिन्याला हात घालणार होता.

"मावशी, बाजूला व्हा. रंग उडेल."

"उडू दे. तू थांब आधी. त्या भिंतीवर माझ्या मुलाचा हिशोब आहे."

"मला ठाऊक आहे, मावशी. गुण्याभाऊंचं नाव घेऊन दोन दिवस टाळला हा जिना. पण मालक म्हणतो, आज दुपारपर्यंत झाला नाही तर उद्यापासून येऊ नको." रंगाऱ्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मी चहा पिऊन येतो. माझा चहा जरा लांबतो."

फोनने फोटो काढून पाहिले, पण जिन्यात अजून दिवा नव्हता, आणि पांढऱ्या पुट्टीवरची करडी पेन्सिल फोटोत उतरतच नव्हती. म्हणून थोरली पायरीवर बसली आणि तिने आकडा न् आकडा वहीत उतरवला. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, स्कर्टिंगची पट्टी, कापलेल्या कडा. सुपरवायझरची सहीसुद्धा तिने जशीच्या तशी गिरवली. रंगारी परत आला तेव्हा ती तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या ओळीवर होती. भिंतीवर सगळं होतं. फक्त तारीख कुठेच नव्हती. फरशीवाल्यांना तारीख लागतच नाही. काम झालं की झालं.

घरी येऊन तिने टेबल पुसलं आणि एकतीस वर्षांच्या त्या गोल, स्वच्छ अक्षरात बिल लिहिलं. मजलावार मापं, दर, बेरीज. इतकं देखणं बिल कागद्याच्या छापील नमुन्यातूनही निघालं नसतं. मग वर उजव्या कोपऱ्यात तारीख घालायची वेळ आली.

आज महिन्याची एक तारीख. आजची तारीख घालायची, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण कागद्याचं बिल गेल्या महिन्याच्या तीन तारखेचं होतं. धाकटीने त्याची प्रत अख्ख्या घराला दाखवली होती. थोरलीच्या डोळ्यांसमोर ती तीन तारीख आली, आणि पेन थबकलं. आपल्या मुलाचं बिल महिनाभर मागे, कागद्याचं बघून केल्यासारखं, त्याच्या शेपटाला धरून आल्यासारखं दिसणार. काम तर गुण्याने आधी सुरू केलं होतं. आधी घाम त्याने गाळला होता.

तिने लिहिलं: गेल्या महिन्याची दोन तारीख. कागद्याच्या एक दिवस आधी.

कायद्याला त्या तारखेशी काही देणंघेणं नव्हतं. मुदत मोजायची ती बिल पोचल्याच्या शिक्क्यापासून. हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिला वाटलं, की चालतंय. एवढं आपल्या मनासाठी.

शोरूमच्या ऑफिसातल्या मुलीने बिलावर पोच म्हणून त्या दिवसाचा शिक्का मारला आणि वर पाहिलं. "काकू, तारीख जुनी आहे."

"काम जुनं आहे, बाळ," थोरली म्हणाली. घरी येताना तिला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं. जिन्यात धाकटी भेटली, तेव्हा आपणहून म्हणाली, "दिलं हो आम्हीपण बिल."

अकराव्या दिवशी शोरूमवाल्याचं पत्र आलं. कायदा त्यानेही वाचला होता. 'बिलावरील तारखेस तिसऱ्या मजल्यावर एकही टाइल बसलेली नव्हती. सबब बिल खोटे आहे. संपूर्ण बिल नामंजूर.'

गुण्या ते दारातच वाचत उभा राहिला. हातातली सपाटी बघायची पाणसळ त्याने खाली ठेवली.

"आई, तिसरा मजला नऊ तारखेला संपला. दोन तारीख कुणी घातली?"

"मीच. चुकून पडली."

"तुझ्याकडून?" गुण्याला हसूच आलं. "अगं, माझ्या जन्माच्या दाखल्यावर पाच मिनिटं चुकली होती, तर तू दोन चकरा मारून ती दुरुस्त करून आणलीस. तुझ्याकडून तारीख चुकली?"

ती डाळ निवडायला लागली. गुण्याचं हसू मावळलं.

"जाऊ दे. मला नाही हे जमत. शनिवारी कागद्याला हो सांगतो. माणसांना तरी वेळेवर मजुरी मिळेल."

"तीस तारखेपर्यंत थांब."

"काय होणार आहे तीस तारखेला? खोटं म्हणून शिक्का बसला, आई. भिंत असती तर दाखवली असती. तीही आता पिवळी झाली."

खोटं. हा शब्द तिच्या हातच्या कागदावर आयुष्यात पहिल्यांदा बसला होता. आणि तो बसवायची संधी तिनेच दिली होती. दुपारी गुण्या कामावर गेल्यावर तिने कायद्याची छापील प्रत काढली. चष्मा पुसून पहिल्यापासून वाचायला घेतली. सहाव्या पानावर तिला हवं ते सापडलं. मालकाचा आक्षेप ज्या भागावर असेल तेवढेच पैसे त्याला अडवता येतात; उरलेले मुदतीत द्यावेच लागतात. म्हणजे तळमजला, पहिला आणि दुसरा यांचे पैसे त्याला रोखता येणार नव्हते. ते काम बिलावरच्या तारखेच्या आतच झालेलं होतं. पण कधी झालं आणि तिसरा मजला कधी झाला, हे सात दिवसांत पुराव्यासह दाखवायचं होतं. भिंत गेलेली. सुपरवायझर गेलेला.

पुरावा एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण तिच्या डोक्यावर होतं. फरशी बसायच्या आधी खालच्या पाइपांची तपासणी करावी लागते, म्हणून कागद्या रोजची वही ठेवायचा: आज कोणत्या मजल्यावर कोण होतं, काय संपलं.

दोन दिवस ती वर गेली नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, धाकटीकडे पाहुणे असतील. दुसऱ्या दिवशी म्हणाली, गुडघा दुखतोय. तिसऱ्या दिवशी कटरवाला गुण्याला फोनवर विचारताना तिने ऐकलं, की वरच्या भाऊंकडे मास्क मिळतो म्हणतात, खरं का? तेव्हा मात्र ती उठली आणि सतरा पायऱ्या चढून गेली.

कागद्याने पुढच्या खोलीचं ऑफिस केलं होतं. भिंतीला लोखंडी रॅक, रॅकवर फाइली, आणि प्रत्येक फाइलीची नाडी डावीकडून फिरवून वर फासगाठ मारलेली. ती गाठ थोरलीची होती. इस्पितळात दुसऱ्या कुणाला ती जमत नसे. आणि तिच्या घरी एक फाइल नव्हती.

"काकू! ये ना. बस." कागद्या खुर्ची सोडून उठला. आतून धाकटी हात पुसत आली.

थोरली बसली नाही. "तुझी रोजची वही हवी. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेचं पान. आणि त्याआधीच्या तीन मजल्यांचं."

कागद्याने काही न विचारता वही ओढली. पान उघडायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. "हे बघ. 'तिसरा मजला, फरशी पूर्ण, दुपारी चार. गुण्याने शेवटची टाइल दोनदा काढून बसवली.'" तो हसला. "मला थांबवून ठेवलं होतं त्याने. कोपरा अर्ध्या सुताने बाहेर होता म्हणे."

धाकटीने पत्र वाचलं होतं की गुण्याने सांगितलं होतं, कोण जाणे, तिने विचारलंच. "पण ताई, दोन तारीख कशाला घातलीत? तुम्ही कशी काय चुकलात?"

थोरलीने कागद्याकडे पाहिलं, मग रॅककडे. खोटं सांगायला तिच्याकडे दोन-तीन कारणं तयार होती. वर चढताना तिने ती जुळवली होती.

"चुकले नाही. याच्या बिलाच्या एक दिवस आधीची हवी होती. म्हणून घातली."

कागद्या वहीत बघत राहिला. धाकटी आधी हसली, अगदी खळखळून. मग हसता हसता तिचा आवाज बदलला.

"एक दिवस? ताई, एका दिवसासाठी? माझं ऐका. याला ताप आला ना, की हा 'काकूला बोलव' म्हणायचा. मी पाळी बदलून, पगार कापून घेऊन घरी बसायचे, आणि हा मला म्हणायचा, तू नको, काकूला बोलव. दहावीचा निकालसुद्धा आधी खाली सांगितला याने, मग वर. मी जिन्यात उभी होते, ऐकलं सगळं. माझ्या हातचं एक अक्षर नाही या पोरात."

"आई, पुरे," कागद्या म्हणाला.

"का पुरे? त्यांनी सांगितलं, मीही सांगितलं."

धाकटीला असं काही वाटत असेल, हे थोरलीच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि आता कळल्यावर, खरं सांगायचं तर, तिला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. ती खुर्चीवर बसली.

"मी उत्तर लिहून देऊ का?" कागद्याने विचारलं.

"मी लिहिणार. तू वाचून बघ."

"'नजरचुकीने' लिही, काकू. सगळे तसंच लिहितात."

"नजर चुकली नव्हती माझी," ती म्हणाली, आणि तिने लिहिलं: 'बिलावरची तारीख चुकीची आहे. ती मी घातली आहे. तिसऱ्या मजल्याचे काम नऊ तारखेस पूर्ण झाले. उरलेल्या तीन मजल्यांवर आपला आक्षेप नाही. सोबत रोजवहीची पाने.' खाली गुण्याची सही लागणार होती. बाजूला तिने लहान अक्षरात 'लिहिणार' असं घालून स्वतःचीही सही केली, आणि वर त्या दिवसाची तारीख.

शोरूमवाल्याने शेवटच्या घटकेपर्यंत वाट पाहिली. तिसाव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला तीन मजल्यांचे पैसे खात्यात आले. तिसऱ्या मजल्यासाठी नवं बिल द्यावं लागलं. त्याचे आणखी महिन्याने मिळाले. पहिले पैसे आले त्याच संध्याकाळी गुण्याने चारही जणांची मजुरी चुकती केली. दोन मिस्त्री राहिले, फरशी पुसणारी बाई राहिली. कटरवाला पैसे मोजून खिशात घालत म्हणाला, "आई, रागावू नका. पण मला शनिवार आवडतो," आणि सोमवारपासून वर गेला. थोरलीने त्याला रागावून दाखवलं नाही. गुण्याला मात्र तिने त्याच दिवशी मास्कचं एक खोकं आणून दिलं.

नोकरीचा विषय गुण्यानेच संपवला. "मी पगारावर येत नाही," त्याने कागद्याला जिन्यात सांगितलं. "तुझ्याकडे मोठं काम आलं आणि फरशी दुसऱ्याला द्यायची असेल, तर मला दे. पण कंत्राटाने."

काम आलंही. महिन्याभरातच कागद्याला एका खासगी दवाखान्याच्या पाच मजल्यांचं पूर्ण काम मिळालं आणि त्याने फरशी गुण्याला दिली. थोरली करार लिहून घेऊन वर गेली. मोठ्या कंत्राटदाराला पैसे मिळाले की सात दिवसांत त्याने छोट्याला द्यायचे, हेही त्याच कायद्यात होतं. ते कलम तिने सगळ्यात वर घातलं होतं.

धाकटीने नाक मुरडलं. "घरातल्या घरात कागद? सख्ख्या चुलत भावांत?"

"घरातल्या घरातच हवा," थोरली म्हणाली. "मजला संपला की बिल. भिंतीवर नाही."

चौघं त्या पुढच्या खोलीत टेबलाभोवती बसली. गुण्याने करार पुढे ओढला, शेवटचं पान उलटलं आणि सही करून पेन ठेवून दिलं. त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या फरशीकडे होतं. तिथली एक टाइल किंचित वर आली होती. "ही कुणी बसवली रे?" त्याने विचारलं आणि वाकून तिच्यावर अंगठा फिरवायला लागला.

कागद्याने मात्र पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ न हलवता, तळघरात वाचायचा तसं. तिसऱ्या कलमापाशी थांबून त्याने विचारलं, "काकू, 'काम पूर्ण' म्हणजे सांधे भरून की त्याआधी? इथे लिहिलेलं नाही."

प्रश्न अगदी नेमका होता. तो तिच्याच ध्यानातून निसटला होता.

"भरून," थोरली म्हणाली. तिने पेन घेऊन तो शब्द वर लिहिला आणि कागद त्याच्याकडे परत सरकवला. शेजारी धाकटी मुलाकडे बघत होती, थोरलीही बघत होती. थोरलीचा स्वतःचा मुलगा कोपऱ्यातली टाइल चाचपत होता, त्याच्याकडे तिने बघितलं नाही. वाचून सही करणारं पोर अजूनही दुसरीचंच होतं.